वाघूरकाठची हाक

जळगावाहून भुसावळच्या वाटेला लागले, की दहाएक किलोमीटरांवर नशिराबाद येते. रस्ता आता चांगला रुंद झाला आहे, आणि त्यावरून मालमोटारी अशा काही वेगाने धावतात, की गाव केव्हा आले आणि केव्हा गेले हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. क्वचित एखादा भाविक झिपरू अण्णांच्या समाधीला जायचे म्हणून उतरतो. पण ज्याचे आजोळ नशिराबादेस आहे, त्याची गोष्ट वेगळी. जळगाव सुटताच तो खिडकीशी सरकून बसतो, आणि केळीच्या बागा दिसू लागल्या, की चाळिशी उलटलेला माणूसही दहा वर्षांचा होतो.

माझे आजोळ नशिराबादेस आहे. शिवाय मी पोटासाठी मराठी शिकवतो, त्यामुळे या मुलुखाशी माझे दुसरेही एक नाते आहे. गावाच्या उत्तरेला भादली स्टेशन आहे. तेथेच ५ मे १९१८ रोजी बालकवी आगगाडीखाली सापडले. वय अवघे सत्तावीस. जवळच आसोदे, म्हणजे बहिणाबाई चौधरींचे माहेर. एकाने पारव्यावर कविता लिहिली, दुसरीने सुगरणीच्या खोप्यावर गाणे रचले. वर्गात मी दर वर्षी मुलांना सांगतो, की बाबांनो, कवीला आधी कान लागतो, लेखणी मागाहून. मुले वहीत उतरवून घेतात. परंतु हे वाक्य मी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही. ते मला ज्याने शिकवले, त्याला अक्षरओळख नव्हती. त्याचीच हकीकत मला सांगायची आहे. ती सांगण्याचे धैर्य यायला तीस वर्षे लागली, आणि अखेर निमित्त झाले ते एका परदेशी पक्ष्याच्या हाडांचे!

त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ अमेरिकेहून आला होता. पेनसिल्व्हेनिया संस्थानात तो बरीच वर्षे नोकरीला आहे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याने पिशवीतून एक लांबट डबी काढली आणि माझ्या हातावर एक चीज ठेवली. वीतभर लांबीची, पिवळसर पांढरी, गुळगुळीत नळी. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड, आणि सांध्यांवर काळा दोरा घट्ट गुंडाळलेला.

"वाजव," तो म्हणाला.

मी बासरी फुंकावी तशी जोर करून फुंकली. फुस्स! मुले हसली. मामी स्वयंपाकघरातून डोकावल्या. वस्तू कशाची आहे हे कळताच त्यांनी कपाळावर हात मारला. "दिवाळीच्या दिवसात हे हाडूक घरात कायले आणलं रे?" त्यांच्या धाकाने आम्ही दोघे चाळिशी-पन्नाशीचे पुरुष गुपचूप ओट्यावर जाऊन बसलो.

तेथे भावाने मला ती विद्या समजावून दिली. टर्की म्हणून जो मोठा रानकोंबडा अमेरिकेत होतो, त्याच्या मादीच्या पंखातली ही तीन हाडे. खांद्यापासून कोपरापर्यंतचे एक जाड, आणि कोपराच्या पुढची दोन. त्या दोहोंतले एक मध्यम, एक बारीक. हाडे उकळून, खरवडून स्वच्छ करायची. बारीक करवतीने दोन्हीकडची बोंडे कापायची आणि आतला मगज तारेने काढून टाकायचा. मग बारीक हाड मधल्यात, मधले जाड्यात असे बसवायचे, फट राहील तेथे सरस भरायचा, वर दोरा आवळायचा. बारीक टोक ओठांत धरायचे. आणि खरी मेख पुढे आहे. ही नळी फुंकायची नाही, ओढायची. लहान मुलाचा मुका घेताना ओठांचा जसा आवाज होतो, तसा श्वास आत घ्यायचा आणि जाड टोकाभोवती तळहातांची ओंजळ उघडमीट करायची.

त्याने करून दाखवले. "कियॉक्, कियॉक्, कियॉक्!" समोरच्या भिंतीवरची कोंबडी मान वाकडी करून आमच्याकडे पाहू लागली.

वसंत ऋतूत शिकारी पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीचा असा आवाज काढतो. नर लांबून उत्तर देतो. सृष्टीच्या रीतीप्रमाणे मादीने नराच्या हाकेला जायचे असते. येथे नराला वाटते, की ही काही येत नाही, आपणच जावे. तो येतो, आणि गोळीच्या टप्प्यात सापडतो. नळी वाजवणे आठ दिवसांत जमते, पण केव्हा वाजवू नये हे कळायला आयुष्य जाते, असे भावाचा शेजारी म्हणतो. हा शेजारी सेवानिवृत्त सुतार. अशा नळ्या करून तो मित्रांना भेट देतो. दर वर्षी रीतसर परवाना काढतो, ठरल्या दिवसांत ठरले तेवढेच पक्षी मारतो. गावात त्याला मोठा मान आहे.

टर्की आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे, असे मात्र नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी नवलाची जनावरे आणली, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात केले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाडाची नळी तर त्याहून कितीतरी जुनी. इस्रायलमधील ऐन मल्लाहा या ठिकाणी पाणपक्ष्यांच्या पंखांच्या हाडांच्या सात नळ्या सापडल्या. त्या सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीच्या असून त्यांतून ससाण्याच्या जातीच्या पक्ष्यांसारखा आवाज निघतो, असे २०२३ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. शेती नीट सुरूही झाली नव्हती, तेव्हा माणूस पक्ष्याच्या हाडातून पक्ष्याशी बोलत होता!

अमेरिकेत एके काळी बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने हा पक्षी नामशेष होण्याच्या बेतात आला होता. १९३७ साली तेथे कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळवण्यात आला. रिकाम्या झालेल्या रानांत पक्षी नेऊन सोडले गेले. आज ते लाखोंनी आहेत. या कामात शिकाऱ्यांनीही हात लावला. ज्याला पक्षी बोलावता येतो, त्याला तो उद्याही रानात असावासा वाटतो, हे उघडच आहे.

भाऊ हे सारे कौतुकाने सांगत होता. मी ती नळी हातात फिरवीत होतो, आणि माझ्या कानांत मात्र निराळाच आवाज येत होता. "कतीतर, कतीतर, कतीतर!"

१९९१ सालचा उन्हाळा. मी अकरा वर्षांचा होतो. मामांचा मळा गावाच्या पूर्वेला, साकेगावच्या अंगाला, वाघूर नदीपासून जवळ होता. सुट्टीत मी सालदाराबरोबर मळ्यात झोपायला जात असे. त्या वर्षी नदीच्या पडीत फासेपारध्यांची चार पाले उतरली होती. त्यांतला एक म्हातारा रोज आमच्या विहिरीवर पाण्याला येई. त्याच्या हातात कापडाने झाकलेला पिंजरा असे. पिंजऱ्यात पाळीव तित्तर. मी त्याला पारधीबाबा म्हणत असे. तो मला भाऊ म्हणे. आमच्याकडे लहान पोरालाही भाऊच म्हणतात.

त्याच्याजवळ हाडाची नळी नव्हती. काही म्हणजे काही नव्हते. दोन तळहात, जीभ आणि घसा. एवढ्यावर तो तित्तर होई, लावा होई, मोर होई. तित्तराची हाक एकच नाही, हे मला त्याने शिकवले. पहाटे "मी येथे आहे" म्हणणारी हाक वेगळी, जोडीदाराला बोलावणारी वेगळी, आणि दुसऱ्या नराला "माझ्या हद्दीत ये तर खरा" म्हणणारी वेगळी. "आधी आयक भाऊ," तो म्हणे, "तोंड मांगून उघड." तीन दिवस त्याने मला नुसते ऐकायला लावले. चौथ्या दिवशी ओंजळ तोंडाशी धरून हाक काढू दिली. आज मी वर्गात जे वाक्य मोठ्या ऐटीत टाकतो, ते हेच.

फासे लावताना मी त्याच्या मागे उभा असे. दोरीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला बारीक सरकता फास. मध्ये पिंजरा. पाळीव तित्तर ओरडला, की रानातला नर चवताळून भांडायला येई आणि त्याचा पाय फासात अडके. मारायला बंदूक लागते, पण बोलवायला पाखराचे मन कळावे लागते. मी आज त्याचे गोडवे गात असलो, तरी एक सांगितलेच पाहिजे. पाखरे मरत होती. १९७२ च्या कायद्याने अशा शिकारीला बंदी होती, आणि ती योग्यच होती. फासात अडकलेला पहिला तित्तर मी पाहिला, तेव्हा त्याचे छातीचे धडधडणे मला दिसत होते. म्हाताऱ्याने त्याला हातात घेतले, क्षणभर कपाळाला लावले, आणि मान फिरवली. दुपारी त्यांच्या चुलीवरचा एक तुकडा मीही खाल्ला. आमच्या घरी अंडेसुद्धा चालत नसे. त्यामुळे नदीवर जाणे हे माझे दुहेरी गुपित झाले.

एके दिवशी मी पहाटे चारच्या आधीच सालदाराचा डोळा चुकवून नदीवर गेलो. उजाडेपर्यंत म्हाताऱ्याच्या शेजारी जमिनीला पोट लावून पडून होतो. त्या दिवशी प्रथमच माझ्या हाकेला रानातून उत्तर आले. सात वाजता मी आनंदाने उड्या मारीत मळ्यात आलो, तो तेथे गर्दी. शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीला गेली होती. पहाटे चारपर्यंत मोटार चालू होती, सहाला पाहतात तो केबल नाही. कोणीतरी म्हणाले, "पारधी!" पुढे कोणी काही विचारले नाही.

वीस-पंचवीस माणसे नदीकडे निघाली. मामाही निघाले. मी त्यांच्या मागे. पाले उपटली गेली. चुलीवरचे पातेले लाथेने उडाले. कोणाच्या तरी पायाखाली तो पिंजरा चिरडला. बायका रडत होत्या. म्हातारा हात जोडून म्हणत होता, "म्या कुठी गेलो न्हाई, मायबाप. म्या इठीच व्हतो." "कोण आहे साक्षीला?" एकाने दरडावले.

म्हाताऱ्याने मान वर केली. मी मामांच्या पाठीमागे उभा होतो. आमची नजरानजर झाली. चार वाजल्यापासून सात वाजेपर्यंत तो कोठे होता, हे त्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते. पण नदीवर का गेलास, काय खाल्लेस, हे प्रश्नही मला दिसत होते. मी मामांचा सदरा धरला आणि खाली पाहिले.

"कोनी न्हाई," म्हातारा म्हणाला.

त्याने माझे नाव घेतले नाही. का घेतले नाही, याचा विचार मी तीस वर्षे करीत आलो आहे. पोराला मार बसेल म्हणून? की पोराच्या साक्षीवर आपल्यासारख्याची सुटका होत नसते, हे त्याला अनुभवाने माहीत होते म्हणून? दुपारपर्यंत ती चार बिऱ्हाडे निघून गेली. पुन्हा त्या पडीत पाले उतरलेली मी पाहिली नाहीत.

पुढे शिकत असताना मला कळले, की "पारधी!" हा एक शब्द पुरेसा व्हावा, याची तजवीज फार पूर्वी झाली होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस काय करतो हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचे, त्याची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, असा तो कायदा. पुढे तो इतर प्रांतांप्रमाणे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांच्या कितीतरी पिढ्या त्याच्याखाली गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. पण कायदा कागदावरून पुसला गेला, तरी गावाच्या जिभेवरून गेला नव्हता. तो रद्द होऊन एकोणचाळीस वर्षे झाली होती, तेव्हा मी वाघुरेच्या काठी त्याचा अंमल पाहिला.

पेनसिल्व्हेनियाचा सुतार आणि माझा पारधीबाबा यांची विद्या एकच. पहाटेची वेळ तीच, दबा धरणे तेच, पाखराच्या मनात शिरणे तेच. एकाला परवाना मिळाला आणि मान मिळाला. दुसऱ्याच्या वाट्याला हजेरी आणि हकालपट्टी आली. अमेरिकेतही ही हाडाची नळी मूळची तिथल्या आदिवासींचीच. ज्यांची विद्या, त्यांनाच रानाबाहेर काढण्याची गोष्ट तिकडेही घडली आहे. पण आपल्याकडे आपण विद्याही ठेवली नाही. अलीकडे अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी गवताळ कुरणे आणि तणमोरासारखी पाखरे राखण्याचे काम अंगावर घेतले आहे, असे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. पाखरू कोठे अंडी घालते हे त्यांच्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार?

हे सारे मी त्या रात्री मामांना सांगितले. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी, असा झकास बेत झाला होता. सगळे ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "मामा, ती केबल पारध्याने नेली नव्हती. मी त्याच्याबरोबर होतो." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमले ठावं व्हतं."

"म्हणजे?"

"केबल चवथ्या दिवशी सापडली. भंगारवाल्याकडे. इकणारा आपल्यातलाच व्हता."

"मग?"

"मंग काय? पारधी तं निघून गेल्ते."

एवढे बोलून मामा उठले आणि आत गेले. मी इतकी वर्षे समजत होतो, की ते गुपित माझ्या एकट्याचे आहे. ते साऱ्या शिवाराचे गुपित होते. प्रत्येकाने आपापल्या मामाचा सदरा धरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ आणि मी वाघुरेवर गेलो. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते. लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखे वळण घेऊन ती खाली उतरते आणि पुढे तापीला मिळते. लोक म्हणतात, वाघावरून वाघूर. मला मात्र तिचे नाव ऐकले, की संस्कृतातली 'वागुरा' आठवते. वागुरा म्हणजे पारध्याचे जाळे. हा आपला शब्दांच्या माणसाचा चाळा; व्युत्पत्ती म्हणून कोणी धरू नये. पण पारध्यांशी या नदीचा संबंध आहे खरा. वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हंसजातकाचे चित्र आहे. फासात अडकलेला हंसांचा राजा, त्याला सोडून न जाणारा सोबती, आणि ते पाहून हेलावलेला पारधी. त्या पारध्याने फास सोडला, म्हणून दीड हजार वर्षे तो भिंतीवर आहे. त्याच खोऱ्यात २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात चित्रावरच त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अजून वाचता येते.

आम्ही काठावर बसलो. पडीत आता बरेच ठिकाणी पीक उभे आहे, तरी बाभळी आणि गवताचा एक पट्टा शिल्लक आहे. भावाने हाडाची नळी खिशातून काढली, मग काय वाटले कोण जाणे, परत ठेवली. इतक्यात पलीकडून हाक आली. "कतीतर, कतीतर, कतीतर!"

मी ओंजळ तोंडाशी धरली. तीस वर्षांत धरली नव्हती. पहिली हाक फाटली. दुसरी बरी आली. तिसऱ्या हाकेला उत्तर मिळाले, अगदी स्वच्छ. आवाज जवळ येऊ लागला. गवत हलले. करड्या पिसांचा एक नर मान ताठ करून उघड्यावर आला आणि इकडेतिकडे पाहू लागला. मी हात खाली घेतले. आणखी बोलावणे बरे नव्हते. माझ्याजवळ फास नव्हता हे खरे, पण ते त्याला काय ठाऊक? त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो गवतात निघून गेला.

भाऊ थक्क झाला होता. "कोणी शिकवलं रे तुला हे? नाव काय त्या पारध्याचं?"

मी तोंड उघडले आणि गप्प झालो. एक महिनाभर मी त्या माणसाच्या शेजारी पोटावर पडून पाखरांच्या हाका ओळखायला शिकलो होतो. त्याचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.